बिनपाइपाची झिरी

हटवारकाकांच्या घरात भिंतीला एकही खिळा नाही.

नुसतं ऐकून हे फार मोठं वाटत नाही. त्यासाठी त्या घरात जाऊन बसावं लागतं. घड्याळ आहे, पण ते फ्रीजवर पाठ टेकून बसलेलं असतं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं आहे; वारा सुटला की महिने उलटतात, आणि काकूंनी एकादशी विचारली की काकांना आधी महिना पकडावा लागतो. आरसा लोखंडी कपाटाच्या हँडलला लटकतो. दाढी सुरू असताना काकूंना कपाटातलं काही हवं झालं, तर काका फेस घेऊन कपाटाच्या दाराबरोबर फिरतात. काकांच्या आईवडिलांचे हार घातलेले फोटो सोफ्याच्या एका खुर्चीवर ठेवले आहेत. नवा पाहुणा तिकडे वळला की काकू सांगतात, "तिथं नको बसू गा, सासूबाई आहेत."

"खिळा म्हणजे काय?" काका विचारतात, आणि उत्तरही तेच देतात. "बिना तपासणीचं ऑपरेशन."

काका सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नोकरी त्यांच्यातून गेलेली नाही. मोठमोठे सर्जन पेशंटला टेबलावर घेण्याआधी काकांच्या अंधाऱ्या खोलीत पाठवायचे, आणि काकांनी काढलेली फिल्म उजेडासमोर धरल्याशिवाय सुरीला हात लावायचे नाहीत, ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. घरी बसल्यावर पेशंट उरले नाहीत. आमच्या लेआउटातल्या, म्हणजे वसाहतीतल्या, भिंती मात्र होत्या.

नागपुरात, सक्करदऱ्याच्या आमच्या लेआउटात कुठेही हातोड्याचा आवाज आला की काका चप्पल घालतात. घर ओळखीचं असलं पाहिजे असं नाही. आत गेल्यावर ते कोणाशी बोलत नाहीत. आधी भिंतीपाशी जातात, बोटांच्या पेरांनी ठकठक करतात, जशी डॉक्टर लोक पाठीवर करतात तशी. मग खिशातून स्टीलची वाटी काढतात, ती भिंतीला पालथी लावतात आणि वाटीला कान. घरमालक एव्हाना चहा सांगायचा की पोलीस, या विचारात पडलेला असतो. तेवढ्यात काका वळून विचारतात, "भिंतीले इचारलं का?"

"काय काका?"

"आतमध्ये काय आहे ते. वायर आहे, पाइप आहे, पोकळ आहे, भरीव आहे? मालूम नाही नं? मालूम नाही अन् वरून ठोकून राहिले."

दवाखान्यातली दुसरी एक सवय त्यांच्यात राहिली आहे. फोटो काढायचा असला की ते मोबाइल डोळ्यासमोर धरतात आणि त्याच जुन्या, हजारो पेशंटांवर चाललेल्या आवाजात म्हणतात, "हिलना नहीं. लंबी सांस लो. रोको." गणपतीत लेआउटाचा सामूहिक फोटो काकाच काढतात. बटण त्यांना लवकर सापडत नाही. तोपर्यंत बायका-पोरं, सोसायटीचे अध्यक्ष, प्रसाद वाटणारा, सगळे श्वास रोखून उभे. कोणाची सोडायची हिंमत होत नाही, इतका तो आवाज अधिकाराचा आहे. शेवटी काका म्हणतात, "छोडो," आणि सगळा मांडव एकदम सुस्कारा टाकतो. आमच्याकडच्या प्रत्येक सामूहिक फोटोत आम्ही सगळे गाल फुगवून, डोळे वटारून उभे आहोत. बाहेरच्या माणसाला वाटतं, या लेआउटात काहीतरी साथ आहे.

काकूंबद्दल इथेच सांगायला हवं. काकूंची नजर जात होती. साखरेने डोळ्यांचे पडदे खराब केले होते. लेझर झालं, डोळ्यात सुया घेऊन झाल्या. आहे तेवढं टिकवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. लेआउटात हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त काकूंसमोर बोलायचं नव्हतं. हा नियम काकूंनीच केलेला होता, कोणाला न सांगता. माझी बायको वर्षा नवी साडी नेसून गेली की काकू पदर हातात घेऊन म्हणायच्या, "मस्त रंग आहे वं," आणि जरा वेळाने, दुसरीकडे पाहत, "काय म्हणतात याले?"

स्वयंपाकघरात त्यांना डोळे लागत नव्हते. डबा हलवून त्या तिखट आणि धनेपूड वेगळी सांगत. अडचण होती ती एकाच वाटेची. त्यांचं घर जुन्या पद्धतीचं: झोपायची खोली पुढे, बाथरूम पार मागे, मधे हॉल, मग एक पायरी उतरून अंधारा बोळ. तिथे त्यांना दाराची चौकट लागायची, कधी पायरी चुकायची. एकदा कपाळावर टेंगूळ घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि कोणी विचारायच्या आत म्हणाल्या, "यायनं कपाट उघडं ठेवलं होतं." तेव्हापासून काका त्यांचा हात धरून न्यायला लागले आणि दाराबाहेर उभे राहायला लागले. काकूंना ते मुळीच चालत नव्हतं.

"जन्मभर मी एकटी गेली," काकू वर्षाला सांगत. "आता दरवाज्यावर शिपाई उभा राह्यते. खोकलून राह्यते मधात मधात. मी काय जेलात आहे?"

त्यांची मुलगी सुषमा पुण्याला असते. तिचा रोजचा फोन यायचा: एक तर चोवीस तासांची बाई ठेवा, नाही तर दोघंही इकडे या. घर विकायची गोष्टही एकदा निघाली. काकूंनी ती एका वाक्यात संपवली. "तिथं कायले जाऊ? तिथल्या मोरीचा रस्ता तरी मले माहीत आहे काय?" बाईचं नाव काढलं तर त्या दिवशी काकांना जेवणात नुसता वरण-भात.

काकांनी मग स्वतः उपाय सुरू केले. आधी दोरी बांधली. पलंगाच्या पायापासून हॉलच्या खिडकीपर्यंत, तिथून बाथरूमच्या बिजागरीपर्यंत, पिवळी नायलॉनची, हाताशी येईल अशी. खिळा न ठोकता हे त्यांनी कसं जमवलं, हा वेगळा विषय आहे. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर दोरीवर काकांचे बनियन, टॉवेल आणि काकूंचे परकर वाळत होते. मी दोन परकर बाजूला सारून हॉलमध्ये आलो.

"काकू, हे घरात?"

"दोरी बांधली नं त्यायनं," काकू म्हणाल्या. "दोरीचं अजून काय करतेत?"

मग सुषमाने पुण्याहून स्टीलची दांडी पाठवली, दवाखान्याच्या भिंतीला असते तशी, धरून चालायची. काकू म्हणाल्या, "आलेला-गेलेला इचारते, कोण बिमार आहे." काका म्हणाले, "इतके भोकं पाडावं लागन." त्या दोघांचं एकाच गोष्टीवर, एकाच वेळी, एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दांडी वेष्टनासकट सासूबाईंच्या खुर्चीमागे उभी राहिली.

याच सुमारास आमच्या बाथरूमचं काम निघालं.

वर्षाच्या बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये नळ थेट भिंतीतून उगवलेले आहेत. पाइप कुठेच दिसत नाही. आमच्याकडे पाइप भिंतीवरून असे गेले होते की आंघोळ करताना कोपर जपावं लागे. "मला पण कन्सील्ड पाहिजे," वर्षा म्हणाली. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी ते बरेच दिवस देत राहिलो. शेवटी देवचंद मिस्त्री आला.

देवचंद हा बोलका मिस्त्री आहे. हातोडा आणि तोंड, दोन्ही सोबत चालतं. पाइप पुरायला भिंतीत जी लांब खाच पाडतात, तिला तो झिरी म्हणतो, आणि झिरी मारण्यात नागपुरात आपला नंबर आहे, असं त्याने चहाच्या आधीच सांगून टाकलं. त्याने कटर मशीन सुरू करायला आणि काका आत यायला एकच गाठ पडली.

काकांनी वाटी काढली. देवचंदने मशीन बंद केलं. काका एकेक टाइल ऐकत गेले आणि जिथे शंका आली तिथे खडूने फुली मारत गेले. काही वेळाने आमचं बाथरूम कोणीतरी रागाने तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखं दिसायला लागलं.

"इथं नाही. इथं बी नाही. हे तं बिलकूल नाही."

"काका," देवचंद म्हणाला, "असं केलं तं नळ हवेत लावा लागन."

"हवेत लाव, पण आंधळेपणानं चिरू नको."

शब्द बाहेर पडला आणि काकांचा खडू टाइलवरच थांबला. मग घाईने त्यांनी गीझरच्या खालची जागा दाखवली. "इथं मार. इथं सगळं साफ आहे. मी गॅरंटी घेतो."

देवचंदने तिथे मशीन लावलं, आणि जुना पाइप फुटला. पाण्याची चिळकांडी छतापर्यंत गेली. वर्षा ओरडली, मी मुख्य कॉक शोधायला धावलो आणि सवयीने गॅसचा बंद करून आलो. गच्चीवरचा सापडेपर्यंत देवचंद तळहाताने पाइप दाबून, नखशिखांत भिजून उभा होता. काका त्याच्याकडे शांतपणे पाहत होते.

"रिपोर्ट नॉर्मल असला," ते म्हणाले, "तरी पेशंटचा भरवसा देता येत नाही."

संध्याकाळपर्यंत झिऱ्या मारून झाल्या. गीझरपासून शॉवरकडे एक, शॉवरपासून खाली नळाकडे, तिथून वळून बेसिनकडे. पाइप दुसऱ्या दिवशी टाकायचे होते. देवचंद गेल्यावर काकू आल्या. लेआउटात काहीही नवीन झालं की ते "पाहायला" त्या येतातच, आणि आपण त्यांना ते पाहू द्यायचं असतं. वर्षा त्यांना आत घेऊन गेली. काका मागे दाराशी उभे राहिले, वाटी हातात.

"कुठं आहे वं तुयं ते कन्सील?" काकूंनी भिंतीवर हात ठेवला. टाइलवरून बोटं सरकत गेली आणि एक बोट झिरीत उतरलं. तिथून मग ते बोट निघालं. काकू बोटामागे. "हे गीझर. हे आली खाली. अन् इथून वळली काय इकडे?" बोट वळलं, काकू वळल्या. "हं. हे तुयं बेसिन."

रिकाम्या बेसिनच्या जागी त्या बरोबर जाऊन थांबल्या. मधे वाळूचं पोतं होतं, ते भिंतीपासून दूर होतं, त्याला त्यांचा पायसुद्धा लागला नाही.

"चांगलं आहे वं," त्या म्हणाल्या. "कुठून कुठं गेली ते बोटालेच समजते."

मी त्या पोत्याबद्दल काहीतरी बोलत होतो. मला गोष्टी उशिरा कळतात, असं वर्षा लग्नापासून सांगते. मला एवढंच दिसलं की काका आले होते वाटी घेऊन, आणि वाटी भिंतीला न लावता परत गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले. खडू नाही, फुली नाही. देवचंदच्या पाइप जोडण्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तुह्या मशीननं बारीकात बारीक किती झिरी मारता येते गा?"

देवचंदने बोट दाखवलं. "इतकी. पण यात पाइप नाही बसत काका."

"पाइपाचं मी इचारलं काय तुले?"

आमचं बाथरूम उरकलं आणि काही दिवसांनी देवचंद माझ्याकडे आला तो कपाळाला हात लावूनच. "भाऊ, तुमच्या काकाले काय झालं? मले बोलावलं. घरात झिरी मार म्हणते. पलंगापासून तं मोरीपर्यंत, पूर्ण भिंतीले."

मी म्हणालो, "हटवारकाकांनी?"

"तेच. मी म्हटलं, पाइप कोणता टाकू? नाही टाकायचा म्हणे. वायर? नाही. मंग काय टाकू? काही नाही टाकायचं, तू झिरी मार. कमरेच्या वर मार, बोट बसन इतकी मार, कडा गोल कर. अन् बोळाच्या पायरीपाशी झिरीले आडव्या दोन खाचा मारायले लावल्या. मी म्हटलं हे कायले? तं म्हणे डिझाइन."

ज्या माणसाने आईबापांचे फोटो खुर्चीवर बसवले पण भिंतीला खिळा लावू दिला नाही, तो भिंत चिरणार होता. मी हे वर्षाला सांगितलं. वर्षा पोळ्या करत होती. ती म्हणाली, "हो का?" आणि पोळी उलटली.

कामाच्या दिवशी धूळ नको म्हणून काकूंना आमच्याकडे आणून बसवलं. काकू लसूण सोलत होत्या. पलीकडून कटरचा आवाज सुरू झाला.

"कोणाच्या घरून येऊन राहिला वं आवाज?" काकूंनी विचारलं.

"मागच्या लाइनीत काम आहे काकू," वर्षा म्हणाली.

"हं." काकूंनी आणखी एक पाकळी सोलली. "माया घराचा आवाज मले समजत नाही काय?"

वर्षाने लसणाची आणखी एक गड्डी त्यांच्यापुढे सरकवली. मशीन बंद झालं, छिन्नीची टकटक सुरू झाली, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "हळू ठोक म्हणा त्याले. त्या भिंतीले सवय नाही."

मी मधेच एकदा पाहायला गेलो होतो. काका पांढरे झाले होते, डोक्यापासून पायापर्यंत. देवचंद चिरत होता आणि काका त्याच्या मागे, भिंतीला एक हात लावून उभे होते, ताप आलेल्या माणसाजवळ उभं राहावं तसे. वाटी खिशात होती. ती त्यांनी काढली नाही.

झिरी झाली, धूळ बसली, आणि लेआउटात तर्क सुरू झाले. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, वास्तुदोष; कोणीतरी पुडी सोडलेली दिसते. शेजारचे देशपांडे म्हणाले, जुनं घर आहे, काहीतरी पुरलेलं असेल आणि सापडलं नसेल. देवचंद सगळीकडे सांगत सुटला की आयुष्यात पहिल्यांदा त्याने बिनपाइपाची झिरी मारली. माझा स्वतःचा तर्क कूलरचा होता. उन्हाळ्यात आमच्याकडे बादलीने कूलर भरून भरून माणसाची कंबर जाते. काकांनी बोळातून पाणी थेट कूलरला आणायची काहीतरी योजना केली असणार आणि पाइप अजून मिळाला नसणार, हे मी चौकातल्या पोह्यांच्या ठेल्यावर, तर्री ओतून घेत, चार लोकांना सविस्तर समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं. मलाही पटलं.

एक-दोन गोष्टी या तर्कात बसत नव्हत्या. दुपारी काका झिरीपाशी स्टूल घेऊन बसायचे आणि महालच्या बाजारातून आणलेल्या पॉलिश पेपरने तिच्या कडा घासायचे. घासायचे, बोट फिरवायचे, परत घासायचे. कूलरच्या पाइपाला एवढ्या गुळगुळीत भिंतीची गरज नसते. दुसरं म्हणजे एकदा मी खिडकीतून पाहिलं, काका डोळे मिटून, एक बोट भिंतीत घालून, घरातल्या घरात चालत होते. हॉलच्या वळणावर त्यांचा गुडघा सासूबाईंच्या खुर्चीवर आदळला. त्यांनी डोळे उघडले, खुर्चीला हात जोडले, आणि ती फोटोंसकट उचलून समोरच्या भिंतीला नेऊन ठेवली. पुढे फ्रीज हलला. मग चपलांचं स्टँड. मी वर्षाला म्हणालो, काकांनी चालायचं ध्यान सुरू केलेलं दिसतं. ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली.

सुषमाचे फोन मात्र थांबले नव्हते. दिवाळीला ती येणार होती आणि आल्यावर कायमचं ठरवणार होती. "आली की पाहीन मी," काकू म्हणायच्या. काका पॉलिश पेपर घेऊन झिरीपाशी बसायचे.

दिवाळीच्या आधी आम्ही घराचं रंगकाम काढलं. पुट्टी उरली. देवचंद होताच. मला वाटलं, सुषमा एवढ्या दिवसांनी येणार, तिला घरात शिरल्या शिरल्या ती उघडी झिरी दिसणार, बिचाऱ्या काकांची शोभा होणार. मी वर्षाला म्हणालो, "काकांची झिरी भरून देतो. आपली पुट्टी वाया नाही जायची."

"जा," वर्षा म्हणाली. "जाऊन या."

आम्ही गेलो, देवचंदच्या हातात पुट्टीची बादली, माझ्या हातात पत्र्याची पट्टी. काका घरात होते. चहा ठेवत होते. काकू पुढच्या खोलीत पलंगावर वाती वळत बसल्या होत्या. मधलं दार उघडं होतं. आम्ही हॉलमध्ये बसलो.

"काका," मी म्हणालो, "दिवाळी आली. म्हटलं ती झिरी बुजवून टाकू."

"कोणती झिरी?" काकांनी विचारलं, जशा काही घरात दहा-बारा होत्या.

"ही हो."

"राहू द्या."

"काहून राहू द्या?" देवचंद म्हणाला. "आतमध्ये काहीच तं नाही तिच्या."

काका गॅस बंद करून बाहेर आले. "भिंतीले इचारलं का?"

"तुम्ही त्यायले काय इचारता," काकू आतून म्हणाल्या. "डोकं फिरलं त्यायचं म्हातारपणी. जन्मभर एक खिळा ठोकू देला नाही मले. कॅलेंडर मागतलं, गजाले बांधून देलं. आरसा मागतला, कपाटाले लटकवला. अन् आता पाहा. अख्खी भिंत चिरून ठेवली मायी. पोरगी आली तं काय सांगू तिले, तुह्या बापानं काय करून ठेवलं?"

बोलता बोलता त्या उठल्या. वातींचं ताट बाजूला ठेवलं. "हातपाय धुवाचे आहेत मले," म्हणाल्या, आणि उजवा हात सहज बाजूला गेला. बोट झिरीत बसलं.

त्या आमच्यासमोरून गेल्या. चाल हळू नव्हती, बोलणंही थांबलं नव्हतं. "चुना लावला तेव्हा मी म्हणत होती, हिरवा द्या, हिरवा द्या. तं पांढराच पाहिजे म्हणे. घ्या आता पांढरा." हॉलच्या वळणावर, जिथे आधी खुर्ची होती, तिथे बोट वळलं आणि त्यामागे काकू वळल्या. बोळाच्या तोंडाशी दोन आडव्या खाचा होत्या. बोट त्यांच्यावरून गेलं, एक, दोन, आणि काकूंनी पाय खाली टाकला. पायरी होती तिथेच होती.

बोळात अंधार होता. आता फक्त त्यांचा आवाज येत होता, काकांच्या डोक्याबद्दल.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी तळहात वर केला होता, आम्हाला गप्प बसवायला, पण आम्ही आधीच गप्प होतो. बादली देवचंदच्या हातातच राहिली होती. काका जागचे हलले नाहीत. दाराबाहेर जाऊन उभे राहिले नाहीत, खोकले नाहीत. हॉलच्या मधोमध, ताठ, हनुवटी जरा वर करून उभे होते, एक्स-रेच्या पाटीला छाती लावून माणूस उभा राहतो तसे. छाती वर होती आणि वरच राहिली होती.

बाथरूमचं दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मग बादलीत पाण्याची धार सुरू झाली.

"छोडो," काका म्हणाले, अगदी हळू, कोणालाच उद्देशून नाही.

देवचंदने आणि मी, दोघांनीही सोडला.